हिंदी विकिपीडिया : वाचनालयातल्या पोरांसाठी

आमचं गाव वरुड तालुक्यातलं, मध्य प्रदेशाच्या शिवेलगत. हिंदी इथं परकी नाही. वर्धा नदीही तिकडच्या मुलताई भागातूनच येते. वाचनालयात परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांना मी हिंदी विकिपीडिया उघडून देते. २००३ पासून स्वयंसेवकांनी लिहिलेला, लाखावर लेखांचा हा कोश फुकट आहे, जाहिरात एकही नाही. आमच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर हे फार मोलाचं! लेख मात्र सारखे नाहीत. काही दोन ओळींत संपतात, काहींची भाषा फारच जड. संदर्भ नसलेलं वाक्य वहीत उतरवू नका, असं मी बजावते. ‘इतिहास देखें’ दाबलं की कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं. ही सोय मला सगळ्यात आवडते. संत्र्याच्या बागांबद्दल आता इथल्याच शेतकऱ्यांनी लिहावं.