स्पिटफायर मार्क ३ खाली मार्क ४ ची स्प्रिंग: सामान, गॅरेज आणि पडलेला फरक

ट्रायम्फ स्पिटफायर, ही छोटी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, घेतली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी शहाणा बजावतोच, ‘भर वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा नाही.’ मला माझ्या शेजाऱ्याने बजावलं. तो कॉव्हेंट्रीचा, त्याचे वडील कॅनलीच्या ट्रायम्फ कारखान्यात होते, त्यामुळे ऐकून घेतलं.

ताकीद खरी आहे. माझी मार्क ३, म्हणजे १२९६ सीसीची, १९६७ ते १९७० या काळातली. मागचं सस्पेन्शन म्हणजे डिफच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) डोक्यावर आडवी बसवलेली पाट्यांची थप्पी, हीच स्प्रिंग, तिच्या दोन टोकांना दोन चाकं, आणि एक्सलला सांधा फक्त डिफपाशी. वळणात एकदम पाय उचलला की मागचा भाग वर उचलला जातो, बाहेरचं चाक बुडातून आत दुमडतं आणि टायर कडेवर येतो. कोरड्या रस्त्याला, बेताच्या वेगात कळतही नाही. पावसात उतरणीला मात्र चांगलंच कळतं.

कारखान्याला हे माहीत होतं. १९५९ च्या हेरल्ड या ट्रायम्फच्याच गाडीपासून हीच रचना, त्याच चॅसीला आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर झाली. १९७० मध्ये मार्क ४ आली तेव्हा त्यांनी स्वस्तात मस्त इलाज काढला, तो म्हणजे स्विंग स्प्रिंग. थप्पीतला एकच पाटा डिफला घट्ट, बाकीचे एका पेटीत मधोमध मोकळे झुलतात. दोन्ही चाकं एकदम वर आली तर सगळे पाटे मिळून भार घेतात, पण गाडी एका बाजूला कलली की वरचे पाटे सी-सॉसारखे नुसते कलतात, विरोध करत नाहीत. मागची बाजू कलण्याला अडवेनाशी झाली की ते काम पुढच्या चाकांवर जातं, आणि मागच्या बाहेरच्या चाकावरचा ताण उतरतो. म्हणूनच कारखान्याने त्याच वेळी पुढचा अँटी-रोल बारही (गाडीला कलू न देणारी आडवी कांब) जाड केला. लोक हा दुसरा अर्धा भाग विसरतात. नुसती स्प्रिंग टाकतात आणि मग ‘गाडी होडीसारखी डुलते’ म्हणून कुरकुरतात.

माझ्या गाडीचं काम वॉरिकशरमधल्या एका खेड्यातल्या गॅरेजात झालं. मालक आणि एक मदतनीस, एवढाच कारभार. त्याच्या हाताला काम पुरेसं आहे, नाव कुठे लिहू नकोस म्हणाला, तेव्हा लिहीत नाही. पण माणूस पहिल्या फोनलाच पटला. मी स्विंग स्प्रिंग टाकायची आहे म्हटल्यावर त्याने किंमत सांगितली नाही, उलट तीन प्रश्न विचारले: पुढचा बार कुठला आहे, एक्सल आखूड की लांब, आणि ट्रनियनमध्ये, म्हणजे पुढच्या चाकाच्या खालच्या सांध्यात, काय भरतेस?

लांब एक्सलचा प्रश्न असा, की १९७३ मध्ये स्पिटफायरचे मागचे एक्सल दोन्हीकडे एकेक इंचाने वाढवले, चाकांमधलं अंतर वाढलं. हेही जुन्या गाडीला बसतात, आणि बरेच जण स्प्रिंगबरोबर तेही टाकतात. त्याचं म्हणणं, घ्यायचे तर हबसकट (ज्यावर चाक बसतं तो भाग) पूर्ण घ्यायचे, कारण जुना हब एक्सलवरून उपटायला खास पुलर लागतो आणि साध्या पुलरने झटापट केली तर हब वाकतो. मी आखूडच ठेवले. माझे टायर अरुंद, माझं चालवणं तसलं नाही, आणि पैसे झाडाला लागत नाहीत.

स्प्रिंग नवी घेतली, पुढचा बार मोडीत निघालेल्या स्पिटफायर १५०० चा, बुश (सांध्यातली रबरी नळी) आणि क्लॅम्पसकट. बार म्हणजे लोखंडाची कांब, वाकलेला नसला की झालं. जुना पाटा मात्र वापराने किती दबलाय हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून तिथे कंजूसपणा करू नये असं माझं मत.

प्रत्यक्ष काम मी उभी राहून बघितलं. स्प्रिंगचे नट गाडीच्या आतून उघडतात, सीटमागे गालिच्याखाली झाकण असतं. ते सोपं. भारी पडतं ते पाट्याच्या टोकाचं बोल्ट. पन्नास वर्षांत ते बुशच्या नळीशी गंजून एकजीव होतं, नट सुटतो पण बोल्ट हलत नाही. तेल, आच, हातोडा, सगळं झाल्यावर त्याने पाटा आणि व्हर्टिकल लिंक (चाकाला धरणारा उभा तुकडा) यांच्या फटीत पातं घालून बोल्ट दोन ठिकाणी कापलं. मग आख्खी थप्पी चाकाच्या कमानीतून आडवी ओढून काढली. जुनी स्प्रिंग जमिनीवर ठेवली तेव्हा तिचा एक हात दुसऱ्यापेक्षा चांगलाच खाली झुकलेला होता. ड्रायव्हरची बाजू, अर्थात.

नवी स्प्रिंग बसल्यावर बुशचे बोल्ट त्याने नुसते हाताने फिरवून ठेवले. गाडी चाकांवर उतरवली, मला आणि मदतनिसाला आत बसवलं, आणि स्वतः खड्ड्यात उतरून तेव्हाच आवळले. लटकत्या चाकाला आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ही गोष्ट पुस्तकात असतेच, पण करतं कोण? आधी मी एका मोठ्या, चकचकीत ठिकाणी पुढचे बुश बदलून घेतले होते. ते वर्षाच्या आत चिरले. तिथे गाडी लिफ्टवरून खाली न आणताच बिल हातात दिलं होतं.

आता ट्रनियन. या गाडीचा पुढचा खालचा सांधा म्हणजे पितळी ट्रनियन, त्यात पोलादी व्हर्टिकल लिंकचा आटा फिरतो. स्टिअरिंग फिरवलं की आटा थोडा वरखाली होतो. त्यात ९० नंबरचं गिअर ऑइल घालायचं, ग्रीस नाही. ग्रीस आट्याच्या तळापर्यंत पोचत नाही, तिथे पाणी साचतं, पोलाद गंजतं आणि एके दिवशी लिंक बुडाशी मोडून चाक गाडीखाली घडी होतं. त्याने माझा डावा ट्रनियन उघडला तर वरचे आटे चकचकीत, खालच्या दोन-तीन आट्यांत काळपट ग्रीसची खळ आणि तिच्याखाली तपकिरी खड्डे. आधीच्या मालकाची कृपा. लिंक बदलली. तो खर्च अंदाजात नव्हता, पण त्याने तुकडा हातात देऊन विचारलं, ‘तूच सांग, परत लावू का?’ याला म्हणतात गॅरेज. (डावा-उजवा आटा उलटसुलट असतो, मागवताना बाजू नीट सांगा.) ट्रायम्फला नाकं मुरडणाऱ्यांसाठी जाता जाता: लोटस एलान या नावाजलेल्या स्पोर्ट्स गाडीचं पुढचं अपराइटही, म्हणजे असाच उभा तुकडा, मूळ ट्रायम्फचंच.

चालवायला कशी झाली? बॅनबरी रस्त्यावरचा सनरायझिंग हिलचा उतार मला ठाऊक आहे, वळण घट्ट आणि उतार तीव्र. तिथे आधी मी वळणाआधीच वेग कमी करून, मग श्वास धरून बसायचे. आता मध्येच पाय उचलला तर मागचं टोक जागेवर राहतं, पुढची चाकं जराशी बाहेर सरकतात, एवढंच. खड्ड्यांनाही नरम झाली. कलते मात्र पूर्वीइतकीच, जाड बारमुळे जास्त नाही. तक्रार एकच: नवी स्प्रिंग अजून वापराने दबलेली नाही, त्यामुळे मागून गाडी उंच, शेपटी उचलल्यासारखी दिसते. लोअरिंग ब्लॉक (गाडी खाली आणणारा ठोकळा) टाकायची घाई करू नकोस असं तो म्हणाला.

आमच्या नाशिकच्या घरी माझ्या लहानपणी स्टँडर्ड हेरल्ड होती, मद्रासला बनलेली, खाली हेच सस्पेन्शन. मागे आम्ही भावंडं, आजी आणि वणीहून आणलेलं सामान असलं की मागची चाकं साफ फेंगडी व्हायची आणि मेकॅनिक बाबांना म्हणायचा, ‘साहेब, याला सरळ एक्सल पाहिजे होता.’ १९७२ मध्ये आलेल्या स्टँडर्ड गॅझेलला कंपनीने खरोखरच सरळ, अखंड एक्सल दिला. म्हणजे त्याच रोगावर कॉव्हेंट्रीने एक औषध दिलं, मद्रासने दुसरं.

तिसरं औषध आहे रोटोफ्लेक्स, आणि ते घ्या म्हणणारे पुष्कळ भेटतील. जीटी६ मार्क २ आणि व्हिटेस मार्क २ या ट्रायम्फच्याच सहा सिलिंडरच्या गाड्यांना १९६८ मध्ये खालचा विशबोन (चाक खालून धरणारा दुबेळक्याचा दांडा) आणि एक्सलमध्ये रबरी कडं असं सस्पेन्शन दिलं. चालीला तिन्हींत उत्तम, वाद नाही. पण स्पिटफायरखाली घालायचं तर चॅसीला ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात, रबरी कडी झिजतात, नवी कडी पोलादी पट्टीत दाबलेली येतात ती तशीच बसवून मग पट्टी कापायची, आणि जागा इतकी कमी की शिव्या फुकट. खुद्द ट्रायम्फने १९७३ मध्ये जीटी६ वरून ते काढून स्विंग स्प्रिंगच घातली. शिवाय इथे ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) माफ आहे ती गाडीत मोठा बदल केलेला नसेल तरच, आणि सस्पेन्शनची पद्धत बदलणं त्यात मोडू शकतं. नियमाला सवलती आहेत, त्या काळात होणारे बदल चालतात, पण सिद्ध करायची जबाबदारी आपली. स्विंग स्प्रिंगचंही इन्शुरन्सवाल्यांना कळवलं. त्यांनी हप्ता वाढवला नाही.

जीटी६ च्या पुढच्या स्प्रिंग स्पिटफायरला लावू नका. त्या दोन लिटरच्या सहा सिलिंडरचं वजन पेलायला केलेल्या आहेत. हलक्या नाकाखाली घातल्या की गाडी पुढून ताठ आणि उंच होते. ब्रेक मात्र घेण्यासारखे: मोठी डिस्क, मोठे कॅलिपर, जाड व्हर्टिकल लिंक, सगळा संच एकाच गाडीचा. मला ते पुढच्या हिवाळ्यात हवे आहेत. तो म्हणतो, आधी मास्टर सिलिंडर (पेडलाचा दाब ब्रेकना पोचवणारा) बघू, नाहीतर पेडल खोल जाईल.

गॅरेजचे दोष: लेखी अंदाज देत नाही, व्हॅट शेवटी आठवतो, ई-मेल उघडत नाही. मार्चनंतर विचारलंत तर नंबर उन्हाळा संपल्यावर लागतो. तेव्हा ऑक्टोबरात फोन करायचा, तोही सकाळी दहाच्या आत, आणि पुढचा बार कुठला आहे ते बघून मगच.