फेट : जोडतास झकास बसतंय, पण मधली सुट्टी तेवढी सांगून ठेवा

आमची खानापूर बाजूची मराठी शाळा, आठवी ते दहावी, मास्तर मोजकेच, त्यामुळं दर जूनला वेळापत्रकावरनं स्टाफरूममध्ये वादावादी ठरलेली. यंदा फेट (FET) हे वेळापत्रक बनवायचं सॉफ्टवेअर घातलंय कॉम्प्युटरवर. रोमानियाच्या लिव्यू लालेस्कुंनी केलेलं, फुकट हाय, आणि नेट नसलं तरी चालतंय (पावसात आमच्याकडं नेटचं काय होतंय ते सांगायला नको).

मला बघायचं होतं ते सलग तासांचं. एकच सर दोन्ही तास घेणार असतील, चित्रकला किंवा सायन्स प्रॅक्टिकल, तर सरळ ड्युरेशन २ ची (म्हणजे दोन तास लांबीची) एक ॲक्टिव्हिटी करा, विषय संपला (फेटमध्ये तासाच्या नोंदीला ॲक्टिव्हिटी म्हणतात). आधी एका सरांचा थिअरीचा तास आणि लगेच दुसऱ्यांचं प्रॅक्टिकल असं पाहिजे असेल तरच ‘टू ॲक्टिव्हिटीज कन्सिक्युटिव्ह’ ही अट लावा, त्यात क्रम पक्का राहतोय. कुठलाही आधी आला तरी चालत असेल तर ‘ग्रुप्ड’ बरं, सॉफ्टवेअरला हालायला जागा मिळते.

खरी गोम मधल्या सुट्टीत हाय. सुट्टी तक्त्यात घातलीच नाही तर त्याला चौथा आणि पाचवा तास शेजारीशेजारीच दिसतात, मग अर्धं प्रॅक्टिकल जेवणाआधी आणि अर्धं जेवून आल्यावर, परीक्षानळ्या तशाच टेबलावर! म्हणून सुट्टीचा वेगळा रकाना करून तिथं ‘ब्रेक’ लावायचा. मग ड्युरेशन २ वाला तास सुट्टी ओलांडत नाही. कन्सिक्युटिव्ह मात्र ओलांडतंय, कारण मध्ये ब्रेक आला तरी ते त्याला सलगच धरतंय. ते नको असेल तर पहिल्या ॲक्टिव्हिटीला ‘प्रिफर्ड स्टार्टिंग टाइम्स’ लावून चौथा तास वगळा.

गणिताचे तास वेगवेगळ्या दिवशी पाडायच्या अटीला आपोआप ९५ टक्के वजन (म्हणजे अट किती कडक पाळायची ते) येतंय, ते उगाच १०० करू नका, शनिवारी सकाळची शाळा, तास कमी, सगळं अडकून बसतंय. एका दिवशी दोन आलेच तर सलग यावेत म्हणून तिथंच एक टिक हाय ती मारा, नाहीतर एक पहिला आणि एक शेवटचा असं पण पडतंय.

दिसायला जुनाट, क्लिक करून करून बोटं दुखतात, आणि अटींची नावं इतकी सारखी की नवा माणूस गांगरतोय. पण नावं देवनागरीत घालता येतात, कन्नडच्या सरांचं कन्नडमध्ये घातलं तरी नीट उमटतंय, आणि प्रत्येक सरांचा वेगळा तक्ता निघतोय. अडकलं की कुठल्या ॲक्टिव्हिटीवर अडकलं ते पण दाखवतंय. पाचातले चार.