‘सिंगल पारशी ओनर’ फियाट घेण्याआधी हे वाचा

जुनी फियाट घ्यायला निघाला असाल तर रंग, क्रोम, सीटकव्हर बघण्याआधी छताच्या कडेची पन्हाळ नखाने खरवडा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून दरवाजांच्या वर पत्र्याची बारीक नाळ असते, ती. तिथे सँडपेपर नीट पोहोचत नाही आणि वर कितीही रंग मारला तरी मूळचा रंग कोपऱ्यात टिकून राहतो. आमच्या गाडीत तिथे पिवळा निघाला. मुंबईत पिवळं छत कोणत्या गाडीला असतं हे सांगायला नको.

आम्हाला विकली गेली ती कागदावर 1966 ची फियाट 1100, आपल्याकडे जिला ‘डिलाइट’ म्हणतात ती. प्रत्यक्षात ती भंगारात गेलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी होती आणि तिच्या इंजिनामागच्या पत्र्यात दुसऱ्याच गाडीचा चेसिस नंबर कापून बसवला होता. विकणारा माणूस अजून मोकळा आहे आणि त्याच्याकडे विकायला आणखी गाड्या आहेत, असं दोघातिघांकडून ऐकलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी हा धंदा चालतो कसा ते सांगतो. फियाट इथे बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून डिलाइट बनवली. 1972 मध्ये तिचं नाव प्रेसिडेंट झालं, 1974 मध्ये पद्मिनी. नावं बदलली, समोरची जाळी आणि नटवेपणा बदलला, पण मूळ बॉडी आणि 1089 सीसीचं इंजिन तेच राहिलं. त्यामुळे नव्वदीतल्या पद्मिनीला जुनी जाळी, जुने बंपर आणि जुनं स्टिअरिंग लावलं की नवख्याला ती साठच्या दशकातली वाटते. दुसरीकडे मुंबईच्या टॅक्सींना वयाची मर्यादा लागली आणि पद्मिनी एकामागून एक भंगारात निघाल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षं भरल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून तीही बंद झाली. म्हणजे सांगाडे स्वस्तात मिळत होते आणि त्याच काळात जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडून मागणी वाढत होती.

त्यात 2021 चा व्हिंटेजचा नियम. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेल्या खासगी गाडीला आता वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. पण घरात व्हिंटेज गाडी असण्याचा मान मोठा, आणि तेवढ्यासाठी 1966 चं कागदपत्र सोन्याच्या भावाने विकलं जातं. गाडी नसली तरी चालते, कागद असला की झालं. गाडी हे विकणारे ‘बनवतात’.

माझे बाबा प्रीमियरमध्ये बॉडी शॉपला होते. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी फियाटचे पत्रे जोडण्यात घालवली, पण स्वतःच्या मालकीची फियाट काही झाली नाही. भांडुपला आमच्या घराखाली गाळा आहे, वरच्या गर्डरला चेनपुली टांगता येते. एक डिलाइट आणायची, पार पत्र्यापर्यंत उघडायची आणि बाबांच्या देखत पहिल्यापासून उभी करायची, हे आम्ही दोघा भावांनी ठरवलं होतं. दादा इंजिन बघणार, मी बॉडी.

विकणारा स्वतःला एजंट म्हणवत नाही. ‘मी पण तुमच्यासारखाच शौकीन’ हे त्याचं पहिलं वाक्य. गाडी बघायला त्याने दादर पारशी कॉलनीत बोलावलं, संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास. जुनी इमारत, दाट झाडं, खाली क्रीम रंगाची फियाट. बावाजी, म्हणजे गाडीचे पारशी मालक, मुलीकडे कॅनडाला कायमचे गेले, ते आपल्याला काकांसारखे, जाताना गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून गेले, गाडी चांगल्या घरी जावी एवढीच त्यांची इच्छा, असं सगळं तो शांतपणे सांगतो. पारशी माणसाची गाडी म्हणजे जिवापाड जपलेली, हा मुंबईकरांचा विश्वास खोटा नाही, आणि त्याच विश्वासावर तो पैसे कमावतो. ती गाडी कॉलनीतल्या कुणाचीच नव्हती. सार्वजनिक रस्ता आहे, तासाभरासाठी कुणीही कुठल्याही इमारतीसमोर गाडी उभी करू शकतो.

आरसी बुक मात्र अस्सल होतं. जीर्ण कागद, जुन्या मालिकेतला नंबर, आरटीओचे पुसट शिक्के. ऑनलाइन नोंद दिसत नाही म्हटल्यावर त्याचं उत्तर तयार होतं: ‘जुनी गाडी, बॅकलॉग एंट्री राहिली असणार, ताडदेवला जाऊन करून घ्या.’ या उत्तरात अर्धं सत्य आहे, म्हणून ते पचतं. हाताने लिहिलेल्या रजिस्टरातल्या बऱ्याच जुन्या गाड्या खरोखरच संगणकावर चढलेल्या नाहीत. जॅक लावून खालून बघू म्हटलं तर जॅकिंग पॉइंट जुने आहेत, पत्रा वाकेल म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याचा गिऱ्हाईक टेम्पो घेऊन येणार होता. सौदा 3,40,000 रुपयांना झाला. एक लाख बँकेतून, तेही त्याच्या नव्हे, ‘मेहुण्याच्या’ खात्यावर, बाकी रोख.

गाळ्यात आणल्यावर काम जोरात सुरू झालं. इंजिन-गिअरबॉक्स चेनपुलीवर काढलं, काचा, दरवाजे, सीट, वायरिंग उतरवलं, प्रत्येक नटबोल्ट पिशवीत घालून वर चिठ्ठी. मग डिकीतला गालिचा. तो नुसता अंथरलेला नव्हता, सोल्युशन लावून पक्का चिकटवला होता. फाडून काढल्यावर खाली पितळी टाके मारून बुजवलेली भोकं निघाली, दोन रांगांत, समोरासमोर. बावाजीच्या डिकीत एवढे बोल्ट कशाला? सीएनजीच्या सिलिंडरचा पाळणा जिथे कसतात, तिथेच ती होती. डाव्या मडगार्डवर, काचेच्या थोडं पुढे, पुट्टीचा जाड थर लागला आणि त्याखाली आणखी भोकं. टॅक्सीचं लोखंडी मीटर पूर्वी तिथेच बाहेर बसवायचे. मग पन्हाळीत पिवळा, आणि दरवाजाच्या चौकटीत क्रीमखाली राखाडी प्रायमर, त्याखाली काळा.

तोवर आम्ही मनाची समजूत काढत होतो की छत आणि मडगार्ड दुसऱ्या गाडीचे लावले असतील, जुन्या गाडीत असं होतं. बाबा खाली आले. त्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून त्यांनी इंजिनामागच्या पत्र्यावर बोटं फिरवायला सुरुवात केली. कारखान्यात दोन पत्रे यंत्राच्या दोन टोकांत दाबून स्पॉट मारतात. त्याचा बारीक गोल खळगा राहतो आणि असे खळगे ठरावीक अंतराने ओळीत लागतात. बाबांचं बोट एकेका खळग्यावरून सरकत गेलं आणि नंबर ठोकलेल्या भागाशी थांबलं. तिथे खळगे नव्हते, सीलंटची गुळगुळीत कड होती. ‘हा टाका आमचा नाही,’ ते म्हणाले. थिनरच्या फडक्याने सीलंट पुसला तेव्हा तळहाताएवढा चौकोनी पत्रा चारी बाजूंनी गॅसने जोडलेला दिसला, वरून ग्राइंडर मारलेला. मधोमध नंबर. आरसीवरचाच, एकही आकडा न चुकलेला.

कुर्ल्याचे एक डेंटर चाचा फियाटवर हात बसलेले, त्यांना बोलावलं. त्यांनी दरवाजाखालच्या सिलवर हातोडीची मागची बाजू टेकवली तर ती आत गेली. आत वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर फायबरचं कापड, मग पुट्टी, मग काळा अंडरकोट. ‘ये तो टॅक्सी का माल है, कागज दूसरे का चढाया है,’ एवढंच म्हणाले आणि आमच्याकडून पैसेही घेतले नाहीत.

हे जोडकाम एवढं गंभीर का, ते सांगायला हवं. जीपला खाली वेगळी चेसिस असते, तिच्यावर बॉडी बोल्टने बसते. फियाटला तशी वेगळी चेसिस नाही. फ्लोअर, सिल, खांब, छत मिळून सगळा भार पेलतात. काडेपेटीचा आतला खण काढून बाहेरचं खोकं दाबलं की ते जसं तिरकं होतं, तशी सिल कुजलेली फियाट वळणावर तिरकी होते. म्हणजे अशा गाडीत बॉडी शेल हीच गाडी. तिच्यावर दुसरा नंबर डकवला की कागदावर एक गाडी आणि रस्त्यावर दुसरीच. व्हिंटेज नोंदणीला गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, चेसिस, बॉडी शेल, इंजिनमध्ये मोठे फेरफार चालत नाहीत. आमच्या सांगाड्यावर उद्या पाच लाख खर्च केले तरी तो तिथे उभा राहणार नाही. शिवाय नंबरशी छेडछाड केलेली गाडी ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे पोलिसांचे प्रश्न आधी येतात.

त्या माणसाला फोन केला. आधी ‘सगळेच असं करतात’, मग ‘तुम्ही बघून घेतली होती’. शेवटी त्याने जे सुचवलं त्याने मला जास्त संताप आला: सीलंट पुन्हा लावा, रंग मारा, गिऱ्हाईक तुम्ही आणा, मी विकून देतो, अर्धे अर्धे करू. म्हणजे आमच्यासारख्याच कुणाला तरी आमच्या हातून फसवायचं. त्यानंतर त्याचा नंबर लागला नाही.

आरसीवरच्या पत्त्यावर मी आणि दादा गेलो. पारशी कॉलनी नव्हे, ग्रँट रोडची इमारत. शेजारच्या आजींनी सांगितलं की ते गृहस्थ कधीच वारले, कॅनडाला वगैरे कुणी गेलं नाही, आणि त्यांची कंपाउंडमध्ये कुजलेली फियाट भंगारवाल्याने तुकडे करून नेली. गाडी खरी होती, माणूसही खरा होता. फॉर्मवरची सही तेवढी खोटी. मालक वारला असेल तर गाडी वारसाच्या नावावर फॉर्म 31 ने आणि मृत्यूच्या दाखल्यासह आधी चढते, मग वारस विकतो. सही करून ठेवलेले कोरे 29 आणि 30 कुणी हातात दिले तर मालकाशी व्हिडिओ कॉल मागा, नाहीतर तिथून निघा.

चाचांनी सिल उघडून दाखवल्यावर आम्ही लगेच काम थांबवलं, आणि हे फार उपयोगी पडलं. जोडलेल्या चौकोनाला हात लावला नाही, रंगाच्या थरांचे, भोकांचे, नंबराचे फोटो शेजारी पट्टी धरून काढले, व्हॉट्सअॅपचं सगळं बोलणं आणि बँकेची एंट्री छापून घेतली. पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. 1 जुलै 2024 पासूनच्या प्रकरणांना जुनं 420 कलम नाही, भारतीय न्याय संहितेचं 318(4) लागतं; तक्रारीत बनावट सही आणि बदललेला चेसिस नंबर या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहा, नाहीतर ‘सेकंडहँड गाडीचा वाद, दिवाणी कोर्टात जा’ असं ऐकावं लागतं. आम्हाला पहिल्यांदा तेच ऐकवलं. मेहुण्याच्या नावाचं ते बँक खातंच सध्या तपासातला एकमेव धागा आहे, म्हणून शक्यतो सगळी रक्कम बँकेतूनच द्या आणि खातं आरसीवरच्या नावाचंच असू द्या.

बघायला जाताना सोबत लोहचुंबक न्या, मऊ फडक्यात गुंडाळून. सिल, चाकांच्या कमानी, दरवाजांचे खालचे कोपरे इथे तो धरला नाही तर खाली पुट्टी किंवा फायबर आहे. गाडी एका बाजूने जॅकवर उचला आणि उचललेल्या बाजूचा दरवाजा उघडून लावून बघा. अडकला किंवा फट वाकडी झाली तर सिल गेली. जॅक लावू न देणाऱ्याशी सौदाच नको. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घ्या, जशी आरटीओत घेतात, आणि नंबराभोवतीचा वीतभर पत्रा थिनरने पुसून बघायची परवानगी मागा. नोंद ऑनलाइन नसेल तर बॅकलॉग एंट्री विकणाऱ्याने त्याच्या नावावर करून द्यावी, मग टोकन. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’वर गाडी चोरीची आहे का हेही कळतं. आणि फियाट माहीत असलेला डेंटर सोबत न्या, मेकॅनिक नव्हे. मेकॅनिक बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो. आमच्या गाडीचं इंजिन उत्तम होतं, अजूनही आहे.

तो माणूस पन्नाशीचा, मराठी-गुजराती दोन्ही सफाईने बोलतो, पांढरा शर्ट, बोलताना ‘बावाजी माझ्या काकांसारखे’ हे हमखास. गाडी दिवे लागायच्या वेळेलाच दाखवतो. सध्या एका आकाशी रंगाच्या ‘1968 च्या डिलाइट’चे फोटो तो लोकांना पाठवतो आहे, मागे विटांचं कंपाउंड आणि गुलमोहर दिसतो. ते फोटो तुमच्याकडे आले असतील तर डिकीतला गालिचा काढून आणि इंजिनामागच्या पत्र्यावर उजेड धरून काढलेले नवे फोटो मागा, आणि तो काय म्हणतो ते आम्हाला कळवा. आमच्या तक्रारीला दुसरा तक्रारदार जोडला गेला तर तपासाला जोर येईल.