भाड्याचा वॉकर, कूलरचे पाणी आणि चौदा आठवडे

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खिडकीतल्या कूलरमध्ये पाणी भरताना स्टुलावरून माझा तोल गेला आणि उजव्या घोट्याची आतली व बाहेरची अशी दोन्ही हाडे मोडली. शस्त्रक्रियेत बाहेरच्या बाजूला प्लेट आणि आतल्या बाजूला दोन स्क्रू बसले. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावले की, सहा आठवडे हा पाय जमिनीला टेकवायचासुद्धा नाही. त्या दिवसापासून जुलैच्या मध्यापर्यंत माझे उठणे, बसणे आणि चालणे ज्या वस्तूच्या आधाराने झाले, तो नागपुरातल्या मेडिकल चौकाजवळच्या सर्जिकल साहित्याच्या एका दुकानातून भाड्याने आणलेला ॲल्युमिनियमचा घडीचा वॉकर होता. ज्यांच्या घरी असा प्रसंग आला आहे किंवा येऊ घातला आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या वॉकरविषयी आणि त्या दुकानाविषयी लिहीत आहे.

भाडे महिन्याला ३०० रुपये आणि अनामत १,००० रुपये होती. त्याच दुकानात तसाच नवा वॉकर १,४०० रुपयांना होता. चार महिन्यांचे भाडे १,२०० होते, म्हणजे पैशाचा हिशेब भाड्याच्या बाजूने फारसा बोलत नाही, आणि वॉकर तीन महिन्यांहून अधिक लागणार असेल तर विकतच घ्यावा असे माझे मत आहे. आमच्या घरी मात्र माळ्यावर आधीच सासूबाईंची चाकाची खुर्ची धूळ खात पडलेली असल्यामुळे आणखी एक वस्तू कायमची नको, या एकाच कारणासाठी आम्ही भाड्याचा मार्ग धरला.

दुकानात माझे पती आणि मुलगा गेले होते. मी अर्थातच घरी, पाय दोन उशांवर ठेवून पडले होते. पहिली चूक येथेच झाली, आणि ती दुकानदाराइतकीच आमचीही होती. वॉकर ज्याला वापरायचा आहे त्याच्या उंचीला तो लावावा लागतो, ही गोष्ट दुकानात कोणीच काढली नाही. दुकानदारांनी आधी पुढे दोन चाके असलेला वॉकर दाखवला आणि तो ढकलायला हलका जातो, असे सांगितले. सुदैवाने मुलाने फिजिओथेरपिस्टना तिथूनच फोन केला आणि त्यांनी चाकांचा वॉकर घेऊ दिला नाही. एका पायावर भार अजिबात द्यायचा नसेल, तर सारे वजन दोन्ही हातांनी वॉकरवर टाकून चांगला पाय पुढे घ्यावा लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी चाके पुढे पळाली तर माणूस तोंडावर पडेल. एक बाजू पुढे, मग दुसरी बाजू पुढे अशी आळीपाळीने सरकणारी वॉकरची जातही दुकानात होती. तीही याच कारणासाठी माझ्या उपयोगाची नव्हती. चारही पाय एकदम उचलून एकदम टेकवायचा साधा, बिनचाकांचा वॉकर हाच आम्ही शेवटी आणला.

फिजिओथेरपिस्ट दुसऱ्या दिवशी घरी आल्या आणि त्यांनी व्यायामाच्या आधी वॉकरच हातात घेतला. मला पलंगाच्या कडेला धरून उभे केले, हात सैल सोडायला सांगितले आणि वॉकरची मूठ माझ्या मनगटाच्या घडीशी येते का, ते पाहिले. ती जवळजवळ तीन बोटे वर होती. मूठ इतकी वर असली की, खांदे कानाकडे उचलले जातात आणि भार तळहातांऐवजी मानेत जातो. मूठ मनगटाशी असली तर पकड घेताना कोपर २० ते ३० अंशांत वाकतो आणि हाताला जोर मिळतो. वॉकरच्या प्रत्येक पायात एक आतली नळी असते, तिला ओळीने भोके असतात आणि स्प्रिंगचे छोटे बटण त्या भोकातून बाहेर येऊन बसते. त्यांनी चारही पाय दोन-दोन भोके खाली घेतले आणि प्रत्येक बटण ‘टक्’ असा आवाज करून पूर्ण बाहेर आले का, हे अंगठ्याने चाचपले. मागच्या डाव्या पायाचे बटण अर्धेच बाहेर येत होते. आत गंज आणि मळ साचला होता. मुलाने खोबरेल तेलाचा थेंब सोडून ते दहा-बारा वेळा दाबले, तेव्हा ते मोकळे झाले. अर्धवट बसलेल्या बटणावर मी सारे वजन टाकले असते तर काय झाले असते, याचा विचार मी त्या रात्री मुद्दाम टाळला.

दुकानाविषयीची माझी मुख्य तक्रार हीच आहे. वस्तू भाड्याने देणाऱ्याने ती परत आल्यावर तपासायला हवी, आणि तपासायच्या जागा दोनच आहेत: ही बटणे आणि पायांखालची रबरे. दुकानदार त्या रबरांना ‘बूट’ म्हणतात. आमच्या वॉकरचे पुढचे दोन बूट झिजून गुळगुळीत झाले होते आणि त्यांच्यावरच्या गोल रेघा जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. नागपूरच्या उन्हाळ्यात ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, ते बाहेरच्या माणसाला चटकन समजणार नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आमच्याकडे कूलर दिवसरात्र चालतो, वाळ्याच्या पडद्यातून पाण्याचे बारीक तुषार आत येतात, आणि टाकी भरताना थोडे पाणी सांडते ते वेगळेच. कूलरसमोरची कोटा फरशी पुसली तरी तासाभरात पुन्हा ओलसर होते. तिसऱ्या दिवशी वॉकरचा पुढचा एक पाय त्या ओलसर फरशीवर चार बोटे घसरला. मी पडले नाही, कारण मुलगा मागे उभा होता. पण मोडलेला पाय सावरायला आपोआप खाली गेला आणि क्षणभर टेकलाच. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी क्ष-किरण काढून पाहिला आणि सारे जागेवर असल्याचे सांगितले, तेव्हा कुठे घरात जेवण झाले.

दुकानात फोन केला तर उत्तर मिळाले, “ताई, भाड्याच्या वस्तूला नवे बूट आम्ही देत नाही, तुम्ही लावून घ्या.” चार बुटांचे १६० रुपये झाले. ते आम्हीच आणले, आम्हीच बसवले, आणि बसवताना आत लोखंडी चकती आहे ना, हेही पाहून घेतले, कारण चकती नसलेले रबर नळीच्या धारेने आतून कापले जाते. नवे बूट आल्यावर मात्र या वॉकरविषयी माझे मत साफ बदलले. कोटा फरशीवर, अंगणातल्या खडबडीत सिमेंटवर आणि नंतर रुग्णालयाच्या चकचकीत टाइल्सवरही तो कुठे हलला नाही. वजन जेमतेम अडीच किलो असल्यामुळे दिवसातून पन्नास वेळा उचलून पुढे ठेवताना हात भरून येत नव्हते. हात दुखलेच नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. पहिल्या पंधरवड्यात तळहाताच्या अंगठ्याकडच्या मांसल भागावर अक्षरशः घट्टे पडले. मुठींवर काळा फोम होता आणि घामाने तो चिकट होत असे. सासूबाईंनी जुन्या पंचाच्या पट्ट्या फाडून त्या मुठींवर घट्ट गुंडाळून दिल्या, आणि दर दोन दिवसांनी त्या धुतल्या जात. कंपनीने सुती आवरण का देऊ नये, हे मला अजून कळलेले नाही.

वॉकरची एक मोठी अडचण दुकानात कधीच लक्षात येत नाही. दोन्ही हात अडकलेले असतात. चहाचा कप ओट्यापासून खुर्चीपर्यंत नेणे, ही गोष्ट किती मोठी असते, हे मला बावन्नाव्या वर्षी कळले. आम्ही पुढच्या आडव्या दांड्याला कापडी झोळी बांधली. तिच्यात मोबाइल, चष्मा आणि औषधे ठीक राहिली. पण पाण्याची लिटरभराची स्टीलची बाटली ठेवल्यावर वॉकर उचलताना पुढे झुकू लागला. शेवटी झोळीत अर्धा किलोपेक्षा जास्त काही ठेवायचे नाही, असा नियम झाला, आणि चहा मी ओट्याशीच स्टूल ओढून प्यायला लागले. ज्या स्टुलावरून पडले, तेच हे स्टूल.

न्हाणीघराबाबत वॉकरने हात टेकले. वॉकरची बाहेरून बाहेर रुंदी २२ इंच, आणि आमचे न्हाणीघराचे दार मागच्या बादल्यांमुळे पूर्ण उघडत नसल्याने वाट २१ इंचांची. शिवाय आत फरशी दोन इंच खाली. वॉकर आणण्याआधी घरातली सर्वांत अरुंद वाट मोजून घ्यावी, एवढेच मी येथे सांगेन. पहिले सहा आठवडे त्याच दुकानातून महिना ४०० रुपयांनी आणलेली कमोड खुर्ची झोपायच्या खोलीत राहिली. तिच्याविषयी तक्रार नाही. मजबूत होती आणि भांडे सहज काढता येत होते. संकोच गिळायला दोन दिवस लागले. फाटकाच्या दोन पायऱ्यांवरही वॉकर निकामी होता. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाल्यापासून रस्ता वर आणि अंगण खाली असल्यामुळे बाहेर पडायचे म्हणजे पायऱ्या चढाव्याच लागतात, आणि सहाव्या आठवड्यातल्या तपासणीसाठी मला मुलाने व शेजाऱ्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेले. रस्त्यावरून जाणाऱ्या भाजीवाल्याने हातगाडी थांबवून खुर्चीचा एक पाय धरला, त्याचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

सहाव्या आठवड्यात हाड सांधत असल्याचे दिसले आणि पायावर थोडा भार टाकायची परवानगी मिळाली. ‘थोडा’ म्हणजे किती, हे फिजिओथेरपिस्टनी वजनकाट्यावर शिकवले. वॉकरच्या आत उभे राहायचे, चांगला पाय तितक्याच उंचीच्या पाटावर आणि दुखरा पाय काट्यावर ठेवायचा, आणि काटा २० वर येईपर्यंतच दाबायचे. पहिल्या दिवशी मी खूप जोर दिला, असे वाटले आणि काट्यावर दिसले ७. येथे बिनचाकांचा स्थिर वॉकर किती कामाचा आहे, ते समजले, कारण भीतीने सारे अंग पाठीमागे रेलत असतानाही तो जागचा हलत नव्हता. “काकू, आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय,” हे त्यांचे वाक्य घरातल्या सर्वांना इतके पाठ झाले की, माझी भाचीही ते म्हणत घरभर फिरायची.

दहाव्या आठवड्यापासून घरात काठी आली. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात, म्हणजे माझ्या बाबतीत डाव्या हातात धरायची असते. सासूबाई गेली आठ वर्षे ती दुखऱ्या गुडघ्याच्याच बाजूला धरत होत्या. त्यांनीही त्या दिवसापासून हात बदलला. वॉकरचे काम मात्र संपले नव्हते, कारण संध्याकाळी घोटा सुजून चपलेचा पट्टा रुतायला लागला की, काठी पुरत नसे.

बाराव्या आठवड्यात कार्यालयात रुजू व्हायचे होते. स्कूटर चालवायला अजून मनाई होती, म्हणून त्याआधीच्या रविवारी मुलाला सोबत घेऊन मेट्रोची रंगीत तालीम केली. सुभाषनगर स्थानकावर लिफ्टने वर गेलो, सीताबर्डीला अ‍ॅक्वा मार्गिकेवरून ऑरेंज मार्गिकेवर येण्यासाठीही लिफ्टच घेतली आणि कस्तुरचंद पार्कला उतरलो. मी काठीवर होते आणि घडी केलेला वॉकर मुलाच्या खांद्यावर होता. दोन्ही बाजूंचा खटका दाबला की वॉकर चपटा होतो; ऑटोत तो मांडीवर आडवा मावला आणि मेट्रोच्या डब्यात आसनाशेजारी उभा राहिला, कोणाला अडचण झाली नाही. परतताना सीताबर्डीला पाय ठणकू लागला, तेव्हा फलाटावरच तो उघडला आणि उरलेली वाट त्यावर चालले. घडी उघडल्यावर मधला दांडा पूर्ण बसल्याचा आवाज येतो, तो ऐकूनच भार टाकावा. फलाटावरच्या गोंगाटात मला तो ऐकू आला नाही, म्हणून मुलाने हलवून खात्री केली.

पाचपैकी गुण द्यायचे तर वॉकरला मी चार देईन आणि एक गुण मुठींच्या त्या चिकट फोमसाठी कापेन. दुकानाला अडीच. वस्तू वाजवी भाड्यात मिळते, पावती मिळते, पोहोचवण्याचे पैसे घेत नाहीत, आणि फोन उचलतात. पण हाड मोडलेल्या माणसाच्या हाती वस्तू देताना जी पाच मिनिटे द्यायला हवीत, ती ते देत नाहीत.

जुलैच्या मध्यात मी स्वतः काठी टेकत वॉकर परत करायला गेले. अनामत पूर्ण मिळाली. नव्या बुटांबद्दल दुकानदारांनी काही म्हटले नाही आणि मीही ते काढून घेतले नाहीत. मी पावतीवर सही करीत असतानाच एक वृद्ध गृहस्थ मुलाबरोबर आले. त्यांच्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली होती. दुकानदारांनी माझाच वॉकर त्यांच्यापुढे ठेवला आणि पावतीपुस्तक उघडले. मी त्यांना म्हटले, “काका, जरा सरळ उभे राहा आणि हात सैल सोडा.” मूठ त्यांच्या मनगटाच्या बरीच खाली होती. दुकानदार पावती लिहायचे थांबले, आणि काकांच्या मुलाने खाली बसून पहिले बटण दाबले.