एक्स-रेतलं फ्रॅक्चर दाखवणारं एआय : चौकटीत काय येतं, काय निसटतं

मनगटाचा एक्स-रे वाचणाऱ्या ऑस्टिओडिटेक्ट या सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांच्या नियामकाने) मे 2018 मध्ये परवानगी दिली, शरीरभरच्या हाडांसाठीच्या बोनव्ह्यूला 2022 मध्ये. या जातीच्या सॉफ्टवेअरचं काम थोडक्यात असं: एक्स-रे मशीनवरून पॅक्सवर, म्हणजे हॉस्पिटलच्या एक्स-रे-स्कॅन साठवणाऱ्या सिस्टिमवर जातो, सॉफ्टवेअर तो वाचतं आणि संशयाच्या जागी चौकट आखलेली प्रत मूळ फिल्मशेजारी येते. मशीनमधून निघालेली मूळ डायकॉम फाइलच लागते. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो चालत नाही.

रात्रीच्या कॅज्युअल्टीत याची खरी किंमत कळते. रेडियसच्या (हाताच्या पुढच्या भागातलं अंगठ्याकडचं हाड) खालच्या टोकाची बारीक चीर किंवा बाहेरच्या घोट्याची तिरकी रेघ दमलेल्या डोळ्यांना निसटते. तिथे हे बिनतक्रार साथ देतं.

घोळ होतो तो चौकटीवर विसंबल्याने. लहान मुलाची अल्ना (रेडियसशेजारचं करंगळीकडचं हाड) मोडलीय, चौकट नेमकी तिच्यावर आहे, पाहणारा समाधानाने तिथेच थांबतो. कोपराशी रेडियसचं डोकं निखळलंय का, हे पाहायचं राहून जातं. रेडियसच्या मानेतून काढलेली रेघ प्रत्येक व्ह्यूमध्ये कॅपिटेलमवर (दंडाच्या हाडाच्या कोपराकडच्या गोल टोकावर) गेलीच पाहिजे. नाही गेली तर ते मॉन्टेजिया, म्हणजे अल्ना मोडलेली आणि रेडियसचं डोकं निखळलेलं. फ्रॅक्चरवर शिकवलेलं सॉफ्टवेअर निखळलेला सांधा ओळखेलच असं नाही. म्हणून आधी फिल्म स्वतः वाचावी, चौकट नंतर उघडावी. सेटिंगमध्ये ती सुरुवातीला लपवून ठेवता येत असेल तर तसंच करावं.

उलटी चूकही होते. वाढत्या मुलांमध्ये पाचव्या मेटाटार्सलच्या (पावलातलं करंगळीकडचं लांब हाड) बुडाशी वाढीचा सुटा तुकडा दिसतो, तो फ्रॅक्चर नसतो. त्याची रेघ हाडाच्या लांबीला समांतर असते, फ्रॅक्चरची आडवी. इथे नाहक चौकट पडली तर पोराच्या पायाला विनाकारण प्लास्टर चढतं. रक्तवाहिनीची खाच आणि जुनं जुळलेलं फ्रॅक्चरही असंच फसवतं.

सगळ्यात धोक्याची मात्र कोरी, एकही चौकट नसलेली फिल्म. स्कॅफॉइडची (मनगटातलं अंगठ्याकडचं छोटं हाड) चीर पहिल्या दिवशी एक्स-रेत उमटलेलीच नसेल तर एआय ती आणणार कुठून? अंगठ्याच्या बुडाशी खळगीत दाबल्यावर दुखत असेल, तर चौकट नसली तरी स्प्लिंट द्यावा आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा लवकर एमआरआय करावा. पडल्यानंतर पायावर भार घेता न येणाऱ्या वृद्धाच्या खुब्यालाही हाच नियम, फक्त तिथे थांबायचं नाही. एमआरआय किंवा सीटी लगेच.

विकत घेण्याआधी डेमोवर भुलू नका. आपल्याच मशीनवरचे 200 जुने एक्स-रे काढा: सीटी-एमआरआयने पक्की झालेली फ्रॅक्चर, नॉर्मल फिल्म, मुलांच्या, प्लास्टरमधल्या, जरा वाकड्या पोझिशनमधल्याही. किती निसटली आणि किती नाहक चौकटी पडल्या, हे वेगवेगळं मोजा. मुलांसाठी किती वयापासून परवानगी आहे ते कागदावर पाहा. आणि हा संच जपून ठेवा. सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं की तोच पुन्हा चालवायचा.