आठ-दहा दिवस घर बंद: मेन पाडून जावं की फ्रिज चालू ठेवून?

डिसेंबर-जानेवारीत राजस्थान, कच्छ किंवा दिल्ली-आग्रा करून आलेल्या घरांत एक गोष्ट नेहमी दिसते. सहल छान होते आणि शेवटच्या रात्री कुलूप उघडताच स्वयंपाकघरातून वास येतो, नाहीतर बाथरूमबाहेर पाणी साचलेलं असतं. निघताना दोनच पद्धती चालतात. एक म्हणजे मेन स्विच पाडून सगळं घर मुकं करायचं. दुसरी म्हणजे फ्रिजचं सर्किट चालू ठेवून बाकीचे एमसीबी (बोर्डावरचे, प्रत्येक सर्किटचे वेगळे स्विच) पाडायचे. मी दोन्ही करून पाहिल्या आहेत. दोन्हींच्या बाजूने बोलता येतं, पण आठ-दहा दिवसांच्या सहलीसाठी माझं मन एकीकडे जास्त झुकतं.

त्याआधी पाण्याचं सांगतो, कारण तिथे निवड नाहीच. बंद घरातलं मोठं नुकसान बहुतेक वेळा पाण्यामुळे होतं, आणि त्यात पहिला आरोपी कमोडशेजारचा जेट स्प्रे. त्याचा अँगल कॉक (भिंतीतून पाइप जिथे निघतो तिथला छोटा कॉक) उघडा असेल तर स्प्रेच्या तोंडापर्यंतचा पाइप चोवीस तास दाबाखाली असतो. गच्चीवरची टाकी दहा मीटर उंच असली की साधारण एक बार दाब येतो. म्हणजे दहा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला नसेल तर, अडीच बारच्या आसपास. वरच्या मजल्यांपेक्षा खालच्या मजल्यांवर धोका जास्त, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुसरा आरोपी बेसिनखालचा जाळीदार कनेक्शन पाइप. त्याच्या टोकाच्या नटला चीर जाते किंवा आतलं रबर कडक होतं. तिसरा वॉशिंग मशीनचा इनलेट.

फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक बाथरूमची आणि स्वयंपाकघराची लाइन टाकीवरून वेगळी येते, त्यामुळे एकच कॉक फिरवून सगळं बंद होईल असं समजू नका. डक्टमध्ये, माळ्यावर किंवा टाइल्सच्या वरच्या अंगाला प्रत्येक लाइनचा व्हॉल्व्ह शोधा, आणि तो निघायच्या दिवशी नव्हे तर चार दिवस आधी फिरवून पाहा. वर्षानुवर्षं न हललेला गेट व्हॉल्व्ह जोर लावून फिरवला की स्पिंडलपाशी गळू लागतो, आणि टॅक्सी दारात उभी असताना प्लंबर मिळत नाही. तो जड लागला तर नाद सोडा. त्या लाइनवरचे अँगल कॉक एकेक करून बंद करा, तेवढं पुरतं. स्वतःची टाकी आणि आपोआप सुरू होणारी मोटर असलेल्या बंगल्यात मोटरचा स्विचही पाडा. नाहीतर कुठेतरी गळती झाली तर टाकी रिकामी होत राहील, मोटर ती भरत राहील, आणि खालचा हौद संपल्यावर मोटर कोरडी फिरेल.

आता वीज. मेन पाडण्याचा मोठा गुण म्हणजे मनाची शांती. गीझर राहिला का, इस्त्री काढली का, हे गाडीत आठवत बसावं लागत नाही. वायरिंग जुनं असेल, अजून किटकॅट फ्यूज (चिनीमातीचे, तार घालायचे) असतील किंवा व्होल्टेज सारखं वरखाली होत असेल, तर मी फार वाद न घालता मेनच पाडा म्हणेन. महिना-दोन महिने मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांनाही तेच.

पण मेन पाडताना दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली इन्व्हर्टर. मेन पाडला की इन्व्हर्टरच्या लेखी वीज गेलेली असते, आणि तो इमानेइतबारे घर चालवू लागतो. वायफाय राउटर, सेटटॉप बॉक्स आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च मिळून तीस-चाळीस वॅट धरले, तर 150 अँपिअर-अवरची बॅटरी दीड-दोन दिवसांत तळाला जाते. मग ती तशीच रिकामी पडून राहते. लेड-अॅसिड बॅटरीला याहून वाईट काही नाही, कारण प्लेट्सवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅकअप कायमचा घटतो. उपाय सोपा आहे. आधी इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करायचं, मग मेन पाडायचा. घाईत नेमका हा क्रम राहतो.

दुसरी गोष्ट फ्रिज, आणि माझा निर्णय तिथेच झाला. जुना, एकाच दाराचा, बर्फ साचणारा फ्रिज बंद ठेवायला सोपा. बर्फ वितळवायचा, पुसायचं, दारात टॉवेल अडकवायचा, झालं. फ्रॉस्ट-फ्रीचं, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजचं, तसं नाही. त्याची थंड कॉइल मागच्या पॅनेलच्या आड असते. बंद केल्यावर तिच्यावरचं हिम वितळतं आणि नळीतून खाली कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये येतं. एरवी ते पाणी कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. फ्रिज बंद म्हणजे कॉम्प्रेसर थंड, म्हणजे पाणी तिथेच. आठ-दहा दिवसांत त्याला शेवाळी वास येतो, आणि डासांची पैदास व्हायलाही एवढे दिवस पुरतात. अनेक मॉडेलांत हा ट्रे मागच्या पत्र्याआड स्क्रूने बसवलेला असतो, त्यामुळे निघण्याच्या सकाळी कोणी तो काढून पुसत नाही.

भरीला दार. फ्रिजचे पुढचे पाय थोडे उंच ठेवलेले असतात, दार आपोआप मिटावं म्हणून. अडकवलेला टॉवेल घसरला की दार बंद, आत ओल, आणि गॅस्केटच्या (दाराच्या रबरी कडेच्या) घड्यांत काळी बुरशी. बेकिंग सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने ती निघते, पण प्लास्टिकच्या अस्तरात मुरलेला वास पुढे बरेच दिवस दह्याला लागतो. मला मेन पाडण्याचा कंटाळा आला तो या दह्यामुळे.

शिवाय सहलीचा शेवट आपल्या हातात नसतो. जानेवारीत उत्तरेकडच्या धुक्यात गाड्या कित्येक तास रखडतात, सकाळी पोचायचं ते मध्यरात्री होतं. बरोबर जोधपूरची मावा कचोरी असते, वाटेत घेतलेलं दूध असतं. बंद फ्रिज सुरू करून नीट गार व्हायला चार-सहा तास तरी जातात. आग्र्याचा पेठा बाहेर टिकतो, मावा टिकत नाही.

चालू ठेवण्याचा खर्च फारसा नाही. फ्रिजच्या स्टार-लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात, त्यांना 365 ने भागा. 220 युनिटांचा फ्रिज दिवसाला 0.6 युनिट खातो, दहा दिवसांचे सहा. थंडीत, दार न उघडता, माझ्या अंदाजाने त्याहूनही कमी.

खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही फ्रिज चालू ठेवून गेलात तरी तो चालू राहीलच असं नाही. बहुतेक घरांत सगळ्यांवर मिळून एकच आरसीसीबी असतो, ज्याला आपण सवयीने ईएलसीबी म्हणतो. 30 मिलिअँपिअरची विजेची गळती कुठेही झाली की हा सुरक्षा स्विच पडतो आणि फ्रिजही जातो. हिवाळ्यात संशयित ठरलेला: गीझरचं एलिमेंट. म्हणून गीझरचा एमसीबी पाडायचाच, पण तेवढ्यावर थांबू नका. साधा एक-पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलीच राहते, आणि न्यूट्रल-अर्थमधल्या दोषानेही आरसीसीबी पडू शकतो. म्हणून प्लगवर चालणारं सगळं भिंतीतून काढा: गीझर, आरओ, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, टीव्ही. फ्रिजच्या सर्किटवर आणखी काय आहे हे दोन दिवस आधी एमसीबी एकेक पाडून तपासा. बऱ्याच स्वयंपाकघरांत फ्रिज आणि आरओ एकाच एमसीबीवर असतात.

फ्रीजरमध्ये एक वाटी पाणी गोठवून वर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक. मध्ये रुतलं असेल तर मधे बराच वेळ वीज नव्हती. तळाशी असेल तर सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे; सुरमई, कोलंबी, मटण न चाखता टाकून द्या. गच्च भरलेला फ्रीजर न उघडता साधारण 48 तास धरून ठेवतो, अर्धा भरलेला 24. खालचा कप्पा मात्र चार तासांपुरताच, त्यामुळे दूध, पनीर, चिरलेली भाजी, भिजवलेली डाळ आणि इडलीचं पीठ कोणत्याही पद्धतीत मागे ठेवू नका. विरजणापुरतं दही छोट्या डबीत फ्रीजरला टाकलं तर आल्यावर बहुधा लागतं.

इन्व्हर्टर या पद्धतीत पुढच्या बटणावर बंद ठेवायचा. त्याचा एमसीबी पाडला नसेल तर बहुतेक मॉडेलांत चार्जिंग तरीही चालू राहतं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी आधी पाहून घ्या. बॅटरी जुनी असेल आणि चार्जिंगला तापत असेल, तर इन्व्हर्टरचा प्लगही काढलेला बरा.

तेव्हा दहा-पंधरा दिवसांपर्यंत, बऱ्या वायरिंगच्या घरात, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज असेल तर मी फ्रिज चालू ठेवूनच निघेन. जुना एकदारी फ्रिज असणाऱ्यांना मेन पाडणं जास्त सोयीचं वाटलं, तर त्यात चूक काही नाही. महिन्याच्या वर जायचं असेल तर मात्र ट्रे पुसून, दार दोरीने उघडं बांधून मेन पाडावा, आणि नहाणीच्या जाळीत तांब्याभर पाणी व वर चमचाभर खोबरेल ओतावं. जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वळणातलं, पाणी थंडीच्या कोरड्या हवेत काही आठवड्यांत उडतं आणि मग त्या वाटेने वास आणि झुरळं येतात. तेलाच्या थराने ते उडणं मंदावतं.

परतल्यावर क्रम महत्त्वाचा. दार उघडताच गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद आहे ना पाहा. वास नसेल तर आधी आरसीसीबी आणि नाणं. मग पाण्याचे व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, कारण लाइनमध्ये हवा असते आणि एकदम उघडलं तर नळ धडधडतात. बेसिनखाली आणि जेट स्प्रेपाशी हात फिरवून ओल पाहा. गरम पाण्याच्या नळाची धार अखंड झाल्याशिवाय गीझर लावू नका, टाकी अर्धी असेल तर एलिमेंट कोरडं जळतं. आरओचं पहिलं पाणी दहा मिनिटं वाहू द्या. ते फरशी पुसायला वापरता येतं.