पायोरियाच्या पॉकेटमध्ये धागे ठेवावेत की चिप?

स्केलिंग, रूट प्लेनिंग, म्हणजे दात आणि त्यांची मुळं खरवडून साफ करणं, होऊन दोन महिने झाले. बाकीच्या हिरड्या घट्ट बसल्या, पण एखाद्या दाढेपाशी हिरडी आणि दात यांच्यातल्या फटीत, म्हणजे पॉकेटमध्ये, प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) अजून 6 मिलिमीटर आत उतरते आणि रक्त येतं. डॉक्टर म्हणतात, "हिरडी उघडून करायच्या फ्लॅप सर्जरीआधी एकदा तिथे औषध ठेवून बघू या." तुम्ही या टप्प्यावर असाल तर माझा अनुभव उपयोगी पडावा. मी हे दोन्ही करून घेतलंय. आधी खालच्या उजव्या दाढेला टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचे धागे, नंतर सव्वा वर्षाने वरच्या डाव्या दाढेला क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची चिप.

गोळ्या मी त्याआधी घेऊन झालो होतो. एका दाढेच्या एका कोपऱ्यासाठी सगळ्या शरीराला अँटिबायोटिक पाजायचं, आणि वर आठवडाभर तोंडात धातूची चव. पुन्हा नको वाटलं. गुळण्यांचं औषध खोल पॉकेटच्या तळापर्यंत पोचतच नाही. हिरडीतून सतत एक द्रव पाझरत असतो, आणि 5 मिलिमीटरच्या पॉकेटमधला हा द्रव तासाला सुमारे 40 वेळा बदलतो असं मानलं जातं. म्हणजे आत गेलेलं औषध काही मिनिटांत धुऊन निघतं. जेलचीही थोडीफार हीच अडचण आहे. म्हणून औषध हळूहळू सोडणारी वस्तूच आत ठेवायची, ही कल्पना दंतसंशोधक मॅक्स गुडसन यांनी 1979 मध्ये टेट्रासायक्लिन भरलेले पोकळ तंतू वापरून करून दाखवली. नंतर बाजारात आलेले सुरुवातीचे धागे दहा दिवसांनी काढावे लागत. आपल्याकडे हल्ली मिळणारे कोलॅजेन या प्रथिनाचे धागे आपोआप विरघळतात.

धागे दिसतात पिंजलेल्या कापसासारखे, पिवळसर. डॉक्टरांनी ते चिमट्याने थोडे थोडे करून पॉकेटमध्ये दाबत नेले. पॉकेट वेडंवाकडं असलं तरी ते हवे तसे बसतात, हा त्यांचा मोठा गुण. दुखलं जवळजवळ नाहीच. पण ते बाहेर येऊ नयेत म्हणून वर पॅक लावला, आणि माझा निर्णय पुढे याच पॅकने केला.

पॅक म्हणजे दोन ट्यूबमधलं मिश्रण कालवून केलेला गुलाबी लगदा. दाताच्या आतून-बाहेरून थापतात, थोड्या वेळात तो घट्ट होतो. माझ्या तोंडात तो दहा दिवस ठेवायचा होता. मी शाळेत शिकवतो, दिवसाला पाच-सहा तास बोलणं. दुसऱ्या दिवशीच जिभेची उजवी कड त्या खरबरीत कडेवर घासून सोलवटली. जेवण एका बाजूने. तिथे ब्रश लावायचा नाही. चौथ्या दिवशी आमटीत कुस्करलेली भाकरी खाताना पॅकचा कोपरा तुटला. त्या फटीत कण अडकायला लागले, आणि संध्याकाळपर्यंत मलाच तोंडाचा वास जाणवू लागला. पहिल्या बाकावरच्या मुलांशी बोलताना मी मान वळवून बोलत होतो. सहाव्या दिवशी पॅक अख्खा सुटून हातात आला, आणि त्याच्या आतल्या बाजूला धाग्यांचा एक ओला पुंजका चिकटलेला होता.

औषध किती आत राहिलं आणि किती बाहेर आलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सोललेली जीभ चार दिवसांत बरी झाली. ही शंका मात्र तीन महिन्यांनी पुन्हा प्रोब लागेपर्यंत डोक्यात होती. तेव्हा खोली 6 वरून 4 वर आली होती. म्हणजे धाग्यांनी काम केलं, हे मान्यच करायला हवं.

चिप नखाएवढीही नसते. डॉक्टरांनी कापसाच्या गुंडाळ्या ठेवून दाढ नीट कोरडी केली, कारण थुंकी लागली की चिप मऊ पडून वाकते. चिमट्यात धरून गोल बाजू खाली ठेवत ती आत सरकवली. वर पॅक नाही, काही नाही. दोन दिवस हिरडीत काहीतरी दाटल्यासारखं ठणकत होतं. त्या जागी दहा दिवस फ्लॉस वापरायचा नाही, एवढंच पथ्य. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या तासाला नेहमीसारखा उभा राहून शिकवत होतो.

इथेही खोली 6 वरून 4 झाली. पण मला आकड्यापेक्षा सकाळचा ब्रश जास्त पटला. चूळ टाकल्यावर बेसिनमध्ये फेस गुलाबी दिसायचा, तो तिसऱ्या आठवड्यापासून पांढरा दिसू लागला. धाग्यांच्या वेळी याला दीडेक महिना लागला होता. दाढा वेगळ्या, माझी साखरही त्या काळात जरा आटोक्यात आली होती, त्यामुळे सगळं श्रेय चिपला देणं बरोबर होणार नाही. मधुमेह असेल तर HbA1c कडे, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेकडे, आधी बघा. साखर चढी असेल तर हिरडी कशानेच नीट भरत नाही.

धाग्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. पाच-सहा पॉकेट असतील तर चिप महाग पडते, कारण प्रत्येक पॉकेटला एक चिप लागते. धाग्यांची एक कुपी मात्र एकाच वेळी दोन-तीन जागांना पुरू शकते. पॉकेट अरुंद किंवा वळणाचं असेल तर ताठ चिप बसतच नाही. उलट टेट्रासायक्लिनची ॲलर्जी असेल किंवा बाई गरोदर असेल तर धाग्यांचा विचारच नको. काही डॉक्टर धाग्यांवर पॅक लावत नाहीत असं ऐकलंय. तसे डॉक्टर मिळाले तर माझी निम्मी तक्रार तिथेच संपते.

आणि एक गोष्ट आमच्या घरात निघाली म्हणून सांगतो. आई माळकरी. तिच्या दाढेला चिप सुचवली तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, ही बनते कशाची? कोलॅजेन असो वा जिलेटिन, दोन्ही जनावरांपासून किंवा माशांपासून येतात. धाग्यांचंही तेच. डॉक्टरांनी न कंटाळता समजावलं आणि तिला जेल लावलं, दर आठवड्याला एकदा, चार वेळा. जेल धुऊन जातं हे ठाऊक असूनही तिच्यासाठी तेच योग्य होतं. तुमच्या घरात असं कोणी असेल तर खुर्चीत बसायच्या आधी विचारा, नंतर कळून त्यांना वाईट वाटायला नको.

माझ्या खालच्या दाढेमागे आता आणखी एक पॉकेट 5 मिलिमीटरवर आलंय. पुढच्या महिन्यात दाखवायचंय. जागा सरळ असेल तर चिपच बसवा, असं मी डॉक्टरांना सांगून ठेवलंय.